राजीनामा की रिडंडन्सी? डब्लिनमधल्या एका आचाऱ्याची फाईल

आयर्लंडमध्ये कामाच्या परमिटवर असलेल्या परदेशी माणसाची नोकरी गेली की दोन घड्याळं एकाच दिवशी सुरू होतात. एक पैशाचं, दुसरं परमिटचं. पैशाचं निवांत चालतं, रिडंडन्सीची, म्हणजे जागाच संपल्यामुळे नोकरी गेल्याची भरपाईची रक्कम मागायला ५२ आठवडे मिळतात. परमिटचं चार आठवड्यांत वाजतं. नोकरी गेलेला माणूस साहजिकच आधी पैशामागे लागतो, आणि पैसे हातात येईपर्यंत दुसरी मुदत कधी उलटली ते त्याच्या लक्षातही येत नाही. दोन्ही घड्याळांची किल्ली मात्र एकाच कागदात असते, नोकरी का संपली हे सांगणाऱ्या मालकाच्या पत्रात.

खालचं प्रकरण नमुना म्हणून बांधलं आहे. आचारी आणि रेस्टॉरंट कल्पित आहेत. कायदे, मर्यादा आणि मुदती खऱ्या आहेत, २०२५ च्या उत्तरार्धात लागू असलेल्या.

माणूस, नोकरी, तारखा

डब्लिनमध्ये दोन शाखा असलेल्या भारतीय रेस्टॉरंटात हा आचारी ४ एप्रिल २०२२ ला ‘शेफ द पार्टी’ (किचनच्या एका विभागाचा आचारी) म्हणून रुजू झाला. जनरल एम्प्लॉयमेंट परमिट आधी दोन वर्षांचं, मग नूतनीकरणाने एप्रिल २०२७ पर्यंतचं. आठवड्याला ३९ तास, पगार आठवड्याला ७०० युरो, म्हणजे वर्षाला ३६,४००. करारात नोटीस चार आठवड्यांची. ८ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२४ असे पाच आठवडे किचनच्या दुरुस्तीसाठी शाखा बंद होती, तेव्हा सगळ्यांना ‘ले-ऑफ’ म्हणजे तात्पुरतं बिनपगारी घरी बसवलं होतं. हे पाच आठवडे पुढे फार महत्त्वाचे ठरतात.

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५ ला मालकाने सांगितलं की ही शाखा २६ तारखेला कायमची बंद. शाखेत १६ जण, दुसऱ्या शाखेत १४. त्याच संध्याकाळी मॅनेजरचा व्हॉट्सअ‍ॅप आला: “दादा, तुम्ही राजीनाम्याचा मेल टाकून ठेवा. म्हणजे रेकॉर्ड क्लीन राहील. पुढे परमिट काढताना ‘काढून टाकलं’ असं दिसायला नको.”

मॅनेजरच्या मनात कपट असेलच असं नाही. आपल्याकडे ‘काढून टाकलं’ हा शब्द बट्टा लागल्यासारखा ऐकू येतो, आणि राजीनामा म्हणजे मानाने बाहेर पडणं. आयरिश कायद्यात रिडंडन्सीला बट्टा नाही. १९६७ च्या रिडंडन्सी पेमेंट्स कायद्यानुसार रिडंडंट होते ती जागा, माणूस नव्हे: धंदा बंद झाला, त्या ठिकाणचा धंदा बंद झाला, त्या कामाला माणसं कमी लागू लागली, वगैरे. इथे शाखाच बंद होते आहे. याहून सरळ रिडंडन्सी शोधून सापडणार नाही.

राजीनाम्याचा मेल गेला असता तर तीन गोष्टी एकदम गेल्या असत्या. रिडंडन्सीची रक्कम, कारण राजीनामा देणाऱ्याला ती मिळत नाही. अन्यायकारक बडतर्फीचा दावा जवळपास बंद. आणि रिडंडंट परमिटधारकाला नवी नोकरी शोधण्यासाठी मिळणारे सहा महिने. ही तिसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी सांगत नाही. ‘परस्पर संमतीने’ असा शब्द घातलेल्या कागदाचा धोकाही तोच. सही करण्याआधी त्यात ‘रिडंडन्सी’ हा शब्द आहे का, एवढं तरी बघावं.

आचाऱ्याने मेल पाठवला नाही. उलट लेखी नोटीस मागितली. पत्र एका पानाचं आलं, पण कामाच्या चारही गोष्टी त्यात होत्या: शाखा बंद होत असल्यामुळे तुमची जागा रिडंडंट होत आहे, हुद्दा शेफ द पार्टी, कामाचा शेवटचा दिवस २६ सप्टेंबर २०२५, आणि खाली कंपनीचं नोंदणीकृत नाव, दुकानाच्या पाटीवरचं नव्हे. पुढची सगळी लढाई या पानावर उभी आहे.

किचन पोर्टरची ‘ऑफर’

पत्रासोबत तोंडी एक प्रस्ताव आला: दुसऱ्या शाखेत किचन पोर्टरची जागा आहे, तासाला १३.५० युरो, म्हणजे २०२५ चं किमान वेतन. “आम्ही पर्याय दिला होता, यांनी नाकारला” असं नंतर म्हणता यावं, असा त्याचा वास येतो. कारण योग्य पर्यायी काम विनाकारण नाकारलं तर रिडंडन्सीचा हक्क जाऊ शकतो.

‘योग्य’ हा शब्द इथे तपासायचा. भांडी आणि फरशी धुण्याचं काम आचाऱ्याला हुद्दा आणि पगार दोन्ही बाजूंनी अयोग्य, हे तर दिसतंच. त्याहून पक्कं उत्तर परमिटच्या नियमांत आहे. ३९ तासांना १३.५० म्हणजे आठवड्याला ५२६.५०, वर्षाला साधारण २७,४०० युरो. जनरल परमिटची किमान मर्यादा तेव्हा ३४,००० होती. शिवाय किचन आणि केटरिंग असिस्टंटची कामं परमिटसाठी अपात्र यादीत आहेत. म्हणजे ही नोकरी त्याने घ्यायची म्हटली तरी कायद्याने करता आली नसती. जे काम करणं गुन्हा ठरेल ते ‘योग्य पर्याय’ कसं होणार?

नकार लेखी द्यावा, दोन ओळींत, आणि कारण त्यातच लिहावं: ‘हे काम माझ्या परमिटमध्ये बसत नाही. शेफची जागा असेल तर मी तयार आहे.’ दुसरं वाक्य विसरू नये. त्यामुळे आपण कामाला नाही म्हणतोय असा अर्थ कोणाला काढता येत नाही.

हिशोब

मालकाच्या अकाउंटंटचं पहिलं उत्तर होतं: रिडंडन्सी शून्य. त्याचा तर्क असा की ले-ऑफमध्ये नोकरी तुटली, १२ फेब्रुवारी २०२४ पासून नवी सेवा सुरू झाली, तिथून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत जेमतेम ८५ आठवडे होतात, आणि कायद्याला सलग १०४ आठवडे लागतात.

१०४ आठवडे लागतात हे बरोबर. बाकी सगळं चूक. कायद्यात दोन वेगळ्या कल्पना आहेत आणि अकाउंटंटने त्यांची सरमिसळ केली. एक ‘सलग सेवा’: ही पात्रतेसाठी, आणि ले-ऑफने ती तुटत नाही. दुसरी ‘हिशोबात धरायची सेवा’: ही रकमेसाठी, आणि शेवटच्या तीन वर्षांतला ले-ऑफचा काळ तिच्यातून वजा होतो. २६ आठवड्यांपलीकडचं साधं आजारपण, ५२ आठवड्यांपलीकडची कामावरच्या दुखापतीची रजा आणि संपाचे दिवसही तसेच वजा होतात. थोडक्यात, ले-ऑफने रक्कम थोडी घटते, हक्क जात नाही.

आता आकडेमोड. ४ एप्रिल २०२२ ते २६ सप्टेंबर २०२५ म्हणजे ३ वर्षं १७६ दिवस. त्यातून ले-ऑफचे ३५ दिवस काढले की ३ वर्षं १४१ दिवस, दशांशात ३.३९ वर्षं. सूत्र: दर वर्षाला दोन आठवड्यांचा पगार, वर एक बोनस आठवडा.

३.३९ × २ = ६.७८
६.७८ + १ = ७.७८ आठवडे
७.७८ × ६०० = ४,६६८ युरो

पगार ७०० असताना ६०० का धरले? आठवड्याच्या पगाराला ६०० युरोंची कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा १ जानेवारी २००५ पासून जागची हललेली नाही. तेव्हा ती बऱ्या पगारवाल्यांना लागायची. २०२५ मध्ये परमिटच्या किमान पगारावरचा माणूसही (३४,००० भागिले ५२ म्हणजे ६५४) तिला डोकं आपटत होता. सरकारने परमिटची पायरी वर नेली, रिडंडन्सीचं छत तिथेच ठेवलं. मर्यादा नसती तर याच आचाऱ्याला ५,४४६ मिळाले असते. धोरणाच्या या फटीबद्दल परमिटवाल्यांनी बोललं पाहिजे, पण दावा भरताना ६०० च लिहायचे.

ही रक्कम पूर्ण करमुक्त असते. पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) नाही, यूएससी (उत्पन्नावरचा अधिभार) नाही. पगार स्लिपवर तिच्यातून काही कापलेलं दिसलं तर ती चूक आहे.

इथे एक उपकथा. २०२४ च्या ले-ऑफमध्ये किचनमधल्या कोणीतरी आचाऱ्याला आरपी९ फॉर्म भरायचा सल्ला दिला होता. सलग चार आठवडे, किंवा तेरा आठवड्यांत मिळून सहा आठवडे घरी बसवलं तर कामगार स्वतःहून रिडंडन्सी मागू शकतो, हे खरं. पण तेव्हा त्याची सेवा साधारण ९६ आठवडे होती. १०४ च्या आत असल्याने हाती काही आलं नसतं. शिवाय या वाटेने गेलेला माणूस नोटिशीचा पगारही गमावतो. सल्ला बरोबर होता, माणूस चुकीचा होता.

अकाउंटंटला उत्तर देताना वाद घालण्यात अर्थ नव्हता. आरपी७७ हा कामगाराने मालकाकडे रक्कम मागण्याचा लेखी फॉर्म. तो भरला, सोबत सरकारी रिडंडन्सी कॅल्क्युलेटरचा प्रिंट जोडला, २०२४ चं ले-ऑफचं पत्र जोडलं आणि रेव्हेन्यूच्या, म्हणजे करखात्याच्या, मायअकाउंटमधून काढलेली २०२२ ते २०२५ ची ‘एम्प्लॉयमेंट डिटेल समरी’ (नोकरी आणि पगाराचा गोषवारा). शेवटच्या कागदाने काम केलं. चारही वर्षं तोच मालक, तोच नोंदणी क्रमांक, मध्ये नोकरी संपल्याची नोंद नाही. मालकाने स्वतःच रेव्हेन्यूला ‘हा माझाच कामगार’ म्हणून कळवलं असेल तर नोकरी तुटली हे कुठल्या तोंडाने सांगणार?

ले-ऑफचं पत्र त्याच्याकडे होतं याला कारण वेगळंच. परमिट नूतनीकरणाचा अर्ज मार्च २०२४ मध्ये गेला. नूतनीकरणाच्या वेळी ठरलेला पगार खरोखर मिळाला का ते पाहिलं जातं, आणि पाच आठवडे शून्य दिसले तर खुलासा लागतो. म्हणून तेव्हा पत्र मागून घेतलं होतं. ले-ऑफवर असलेल्या प्रत्येक परमिटवाल्याने ते घ्यावंच.

मालकाकडे पैसे नसतील तर

या प्रकरणात दुसरी शाखा चालू होती, म्हणून अकाउंटंटने दोन आठवडे घोळवून ४,६६८ चा चेक दिला. पण अनेक लहान रेस्टॉरंटांत उत्तर येतं, “पैसेच नाहीत.” यामागे धोरणाचा एक इतिहास आहे. पूर्वी मालकाला रिडंडन्सीच्या रकमेपैकी ६० टक्के सरकारकडून परत मिळत. जानेवारी २०१२ पासून ते १५ टक्के झाले आणि जानेवारी २०१३ पासून शून्य. तेव्हापासून पूर्ण भार मालकावर, म्हणून लहान धंदेवाला आधी सेवेच्या तारखांवर वाद घालतो.

खरंच ऐपत नसेल तर रक्कम सोशल इन्शुरन्स फंडातून, म्हणजे सरकारच्या सामाजिक विमा निधीतून, मिळते. त्यासाठी मालकाने ऑनलाइन अर्ज करायचा (नावाने अजून आरपी५० म्हणूनच ओळखला जातो), देणं मान्य करायचं, आणि अकाउंटंट किंवा सॉलिसिटरचं पत्र व हिशोबाचे कागद जोडून ऐपत नसल्याचं दाखवायचं. सरकार कामगाराला देतं आणि तो आकडा मालकाच्या नावावर कर्ज म्हणून चढतो. नुसतं ‘धंदा मंद आहे’ हे पुरत नाही. एक शाखा चालू असताना तर नाहीच. मालक अर्जच करत नसेल तर कामगाराने वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे (नोकरीतले वाद ऐकणारी सरकारी संस्था) जायचं. तिथला निकाल हाती आला की त्याच्या आधारावर फंडाकडे मागता येतं. तक्रारीला फी नाही, वकील सक्तीचा नाही.

कंपनी रीतसर दिवाळखोरीत गेली असेल तर बाकी पगार, रजेचे पैसे आणि नोटीस यांच्यासाठी वेगळी इन्सॉल्व्हन्सी योजना आहे. तिथेही आठवड्याला ६०० चीच मर्यादा.

सामूहिक कपात: जिथे वेळ घालवू नये

सोळा जणांपैकी काहींनी ठरवलं की ही ‘कलेक्टिव्ह रिडंडन्सी’ आहे. २१ ते ४९ कामगार असलेल्या ठिकाणी ३० दिवसांत ५ जण गेले तर मालकाने आधी ३० दिवस चर्चा करायला हवी आणि मंत्र्यांना कळवायला हवं, हा १९७७ च्या कायद्याचा नियम. दोन्ही शाखा मिळून ३० माणसं, म्हणजे नियम लागू, असा हिशोब.

लागू नाही. कायदा ‘आस्थापना’ म्हणतो ती प्रत्येक जागा वेगळी धरतो. बंद होणाऱ्या जागेत १६ च जण होते, २० च्या वर नव्हे. शेजारच्या शाखेतली माणसं त्यात मिळवता येत नाहीत. असा दावा ऐकायला भारदस्त वाटतो आणि तीन महिन्यांनी पडतो. दरम्यान जो दावा जिंकता आला असता तो मागे राहतो.

चार आठवडे

आता दुसरं घड्याळ. शेवटचा दिवस २६ सप्टेंबर, म्हणजे एंटरप्राइझ खात्याच्या एम्प्लॉयमेंट परमिट विभागाला रिडंडन्सी कळवण्याची शेवटची तारीख २४ ऑक्टोबर. यासाठी ठरावीक फॉर्म आहे. त्यात परमिट क्रमांक, मालकाचं नाव, रिडंडन्सीची तारीख. सोबत ते एका पानाचं पत्र. मालकाने कळवलं असेल या भरवशावर राहू नये. आचाऱ्याने फॉर्म २९ सप्टेंबरला पाठवला आणि पोच आलेला ईमेल पीडीएफ करून ठेवला. रिडंडन्सीचा चेक तेव्हा आलेला नव्हता. फॉर्मसाठी चेकची वाट पाहावी लागत नाही. चुकतात ते इथेच.

चार आठवड्यांत कळवणाऱ्याला मिळतं ते असं. रिडंडन्सीच्या तारखेपासून सहा महिने, इथे २६ मार्च २०२६ पर्यंत, नवी नोकरी शोधायला मुभा. आणि त्या मुदतीत नव्या मालकाने परमिटचा अर्ज केला तर ‘लेबर मार्केट नीड्स टेस्ट’ माफ. ही टेस्ट म्हणजे जागेची जाहिरात २८ दिवस चालवून युरोपातला माणूस मिळाला नाही हे दाखवणं. नव्या मालकाला तुमच्यासाठी महिनाभर थांबावं लागत नाही, हा मुलाखतीत सांगण्यासारखा मुद्दा आहे. अनेक मालकांना तो ठाऊकच नसतो, म्हणून आचाऱ्याने सीव्हीच्या वर एक ओळ टाकली: ‘रिडंडंट परमिटधारक, लेबर मार्केट टेस्टची गरज नाही.’

हे सगळं रिडंडन्सीलाच. परमिटची मुदत संपू दिली म्हणून नोकरी गेली तर ती रिडंडन्सी नव्हे, आणि त्या माणसाला ही मुभा नाही.

परमिट एप्रिल २०२७ पर्यंत आहे म्हणून कुठेही काम करता येईल, हा समज मोडायला हवा. परमिट त्या मालकाचं आणि त्या कामाचं असतं. २०२४ चा नवा एम्प्लॉयमेंट परमिट्स कायदा २ सप्टेंबर २०२४ ला लागू झाला, तेव्हापासून पहिल्या मालकाकडे नऊ महिने झालेल्याला त्याच प्रकारच्या कामासाठी मालक बदलण्याची परवानगी मागता येते. पण परवानगी मागणं आणि मिळणं यात फरक आहे. नोटीस चालू असतानाच नवा मालक मिळाला असता तर ही वाट सोपी होती. आणि नोटिशीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत काम शोधण्यासाठी पगारी वेळ मागण्याचा हक्क असतो. आचाऱ्याने तो वापरला नाही. शुक्रवार-शनिवारच्या गर्दीत मालकाला अडचणीत टाकायचं त्याच्या जिवावर आलं. माणुसकी समजते, पण ते दोन आठवडे परत मिळाले नाहीत.

सगळ्यात मोठा सापळा ‘ट्रायल शिफ्ट’चा. पहिल्या मुलाखतीनंतर सांगण्यात आलं, “दोन दिवस येऊन तंदूर सांभाळून दाखवा, हातात पैसे देऊ.” ट्रायल हेही कामच. नवं परमिट हाती नसताना केलं तर गुन्हा दोघांचा. चव दाखवायला तासभर दोन पदार्थ करून देणं आणि शनिवारची पूर्ण शिफ्ट ओढणं यातला फरक आचाऱ्याला सांगावा लागत नाही. परमिट नसताना केलेल्या कामाचा पगार बुडाला तर दाद मागणंही अवघड होतं. २०१२ मध्ये आयरिश हायकोर्टात एका परदेशी आचाऱ्याचा ९० हजार युरोंहून मोठा निवाडा याच कारणावर अडकला होता. त्यानंतर २०१४ मध्ये कायदा बदलून अशा कामगाराला दिवाणी दाव्याची वाट दिली, पण परमिट मिळवण्यासाठी आपण शक्य ते सगळं केलं होतं हे त्याला दाखवावं लागतं.

मुलाखत घेणारा हा पहिला मालक ट्रायलमुळे नव्हे, दुसऱ्याच कारणाने हातचा गेला: ५०-५० नियम. नव्या परमिटच्या अर्जावेळी कंपनीतले निम्मे तरी कामगार युरोपियन आर्थिक क्षेत्र, स्वित्झर्लंड किंवा ब्रिटनचे नागरिक लागतात. नऊ जणांच्या त्या किचनमध्ये तीनच होते. भारतीय रेस्टॉरंटांत ही अडचण नेहमीची, म्हणून मुलाखतीला जातानाच हा प्रश्न विचारावा. मालकाला त्यात अपमान वाटत नाही, आणि दोघांचा महिना वाचतो.

दुसरी ऑफर कॉर्कमधल्या एका हॉटेलच्या किचनची. शेफ द पार्टी, ३९ तास, वर्षाला ३५,१०० युरो, माणसांचं प्रमाण नियमात. अर्ज नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन गेला. दोन वर्षांच्या परमिटची फी १,००० युरो. नाकारलं तर ९० टक्के परत. ही फी, भरतीचा खर्च किंवा प्रवासखर्च मालकाला पगारातून कापता येत नाही, पासपोर्ट ‘सांभाळायला’ ठेवून घेता येत नाही. अर्जात पगाराचा आकडा लिहिताना टिप्स आणि जेवण मिळवून किमान मर्यादा (तेव्हा ३४,०००) गाठण्याचा प्रयत्न करू नये. ही मर्यादा पुढेही वाढत जाणार आहे, कारण नव्या कायद्यातच तशी सोय केलेली आहे.

दरम्यान डिसेंबरमध्ये त्याच्या आयआरपी कार्डाची (आयर्लंडमध्ये राहण्याच्या परवानगीचं कार्ड) मुदत संपत होती. परमिट आणि राहण्याची परवानगी ही दोन वेगळ्या खात्यांची कामं. एकाला कळवलं म्हणून दुसऱ्याला कळत नाही. कार्डाचा नूतनीकरणाचा अर्ज रिडंडन्सीचं पत्र आणि परमिट विभागाची पोच जोडून ऑनलाइन केला, फी ३०० युरो. कार्ड संपल्यावर अर्ज करणं म्हणजे हातचे सहा महिने स्वतःच्या हाताने लहान करणं.

उरलेले पैसे

रजेचे पैसे शेवटच्या पगारात आलेच नव्हते. कामाच्या तासांच्या ८ टक्के या हिशोबाने १ एप्रिलपासून जमलेली रजा सुमारे ८० तास, त्यातली एक आठवड्याची, म्हणजे ३९ तासांची, घेतलेली. उरलेले ४१ तास गुणिले १७.९५ म्हणजे साधारण ७३६ युरो, यावर कर लागतो. ईमेल गेल्यावर पुढच्या शुक्रवारी जमा झाले. विसरलेलं असतं, तसं मागितलं की मिळतं.

नोटिशीचं मात्र अडलं. मालक म्हणाला, दोन आठवडे दिले, कायद्याइतके दिले. १९७३ च्या किमान नोटीस कायद्यात दोन ते पाच वर्षांच्या सेवेला दोनच आठवडे आहेत हे खरं. पण करारात चार आहेत, आणि किमान म्हणजे किमान. करार जास्त देत असेल तर करार चालतो. उरलेले दोन आठवडे म्हणजे १,४०० युरो. कमिशनकडे तक्रार १९७३ च्या कायद्याखाली टाकली असती तर पडली असती, कारण तो कायदा पाळला गेला होता. ती टाकायची १९९१ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्याखाली, न दिलेला पगार म्हणून. ऑनलाइन फॉर्मवर चुकीच्या चौकटीत खूण केल्याने अशा चांगल्या तक्रारी वाया जातात. इथे ५२ आठवडे नाहीत, सहा महिने आहेत: २५ मार्च २०२६. सबळ कारण असेल तरच बारा महिन्यांपर्यंत वाढ मिळते. सुनावणी साधारणपणे खुली असते आणि निकालात नावं येतात, याची मनाशी तयारी ठेवावी.

तक्रारीच्या पहिल्या मसुद्यात प्रतिवादी म्हणून रेस्टॉरंटचं पाटीवरचं नाव लिहिलं होतं. त्या नावाची कंपनीच अस्तित्वात नव्हती. पगार स्लिपच्या वरच्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत, वेगळंच नाव होतं, ‘लिमिटेड’ शेपटासकट. कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ते जुळवून पाहिलं, नोटिशीच्या पत्राखालचं नावही तेच निघालं, आणि तक्रार त्या नावाने दाखल झाली.